पिनाक : राजघाटावरून मोजलेला पल्ला

राजघाटावर उभे राहिले की समोर तापी असते आणि उत्तरेला, सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटरवर, असीरगड. १८१९ मध्ये हा गड घेताना इंग्रजांना तोफा गडाजवळ आणून मोर्चे बांधावे लागले होते. आज आपल्या लष्कराची रॉकेटे ट्रकवरून सुटतात. या रॉकेट तोफखान्यात काय बदलते आहे, ते आपल्या ओळखीच्या अंतरांवरून समजून घेऊ.

लष्कराकडील जुनी रशियन ‘ग्राड’ ही ४० नळ्यांची. पल्ला साधारण २० किलोमीटर, म्हणजे राजघाट ते असीरगड. त्यानंतर आले महादेवाच्या धनुष्याचे नाव घेतलेले ‘पिनाक’. ते पुण्यातील डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेने विकसित केले. एका गाडीवर १२ रॉकेटे असतात आणि ती ४४ सेकंदांत सुटतात. मग गाडीने लगेच जागा बदलायची, कारण येणाऱ्या रॉकेटांच्या मार्गावरून शत्रूचे रडार गाडीचा ठिकाणा शोधते. इथे वेगावर जवानांचा जीव अवलंबून असतो. १९९९ च्या कारगिल युद्धात पिनाक प्रथम वापरले गेले. त्याचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर, म्हणजे मुक्ताईनगरच्या थोडा पुढे.

मात्र साधे रॉकेट एकदा सुटले की त्याला वळवता येत नाही. वाऱ्याने ते भरकटते आणि अंतर वाढेल तशी चूकही वाढते. म्हणून एका लक्ष्यासाठी अनेक रॉकेटे टाकावी लागतात. नव्या मार्गदर्शित पिनाकमध्ये दिशादर्शक यंत्रणा आणि छोटे पंख आहेत. ते उडतानाच आपला मार्ग सुधारते. पल्ला सुमारे ७५ किलोमीटर, म्हणजे खांडव्याच्याही पलीकडे. नोव्हेंबर २०२४ मधील चाचण्यांत ही रॉकेटे लष्कराच्या वापरातील लाँचरमध्येच सुधारणा करून सोडली गेली. धनुष्य तेच, बाण नवा.

तरी साधी रॉकेटे बाद झालेली नाहीत. मार्गदर्शित रॉकेट महाग पडते आणि मोठ्या क्षेत्रावर मारा करायला साधीच लागतात. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने पिनाकच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. त्यांतील एक नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेडशी आणि दुसरा म्युनिशन्स इंडिया लिमिटेडशी झाला.

पल्ला वाढला की बातमी होते, पण नेम सुधारणे अधिक मोलाचे. नेमके रॉकेट असेल तर डोंगरावर कमी दारूगोळा चढवावा लागतो, आणि लक्ष्याशेजारची वस्ती वाचण्याची शक्यता वाढते.