लॅम्बटनचे त्रिकोण आणि आइन्स्टाइनचें अवकाश

नागपुराच्या दक्षिणेस हिंगणघाट येथें विल्यम लॅम्बटन याची कबर आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा हा आद्य प्रवर्तक हैदराबादेहून नागपुराकडे येत असतां १८२३ सालीं तेथेंच वारला. या मोजणींत एक गोष्ट नित्य हिशेबांत धरावी लागे. भूमीवरील मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित् अधिक भरते. सुमारें २०० चौरस किलोमीटर क्षेत्रामागें एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ही मोजणाऱ्याची चूक नव्हे, पृथ्वीच्या गोलाईची खूण होय. ती ओळखण्यासाठीं कोणास पृथ्वी सोडून आकाशांत जावें लागलें नाहीं. वक्रता आंत राहूनही मोजतां येते, एवढें ज्या विद्यार्थ्यास पटलें, त्यास वक्र अवकाशाचें भय वाटण्याचें कारण नाहीं.

न्यूटनच्या मतें पृथ्वी पदार्थांस ओढते. आइन्स्टाइननें १९१५ सालीं निराळें उत्तर दिलें. समजा, विषुववृत्तावर १११ किलोमीटर अंतरानें उभे असलेले दोन प्रवासी ठीक उत्तरेस निघाले. प्रारंभीं त्यांच्या वाटा समांतर असतात. नागपूरच्या अक्षांशावर त्यांच्यामधील अंतर १०४ किलोमीटर उरतें, दिल्लीच्या अक्षांशावर ९८, आणि ध्रुवावर दोघे एकमेकांस भेटतात. त्यांना कोणीं ओढलें नाहीं, कोणी वळलाही नाहीं. भूमीच वक्र, म्हणून सरळ वाटा एकत्र आल्या. झाडावरून गळलेलें संत्रेंही असेंच आपल्या सरळ वाटेनें जातें. म्हणूनच, हवेचा अडथळा वगळल्यास, संत्रें आणि लोखंडी गोळा बरोबरच भूमीवर येतात. वाट एकच असतां वाटसरू हलका कीं जड, हा प्रश्न उरत नाहीं.

येथें एक शंका रास्त आहे. देंठापासून सुटलेलें संत्रें त्या क्षणीं स्थिर असतें. मग तें चालूं कां लागतें? याचें उत्तर असें कीं, स्थिर वस्तूही काळांतून प्रवास करीतच असते, आणि वक्रता एकट्या अवकाशास नसून अवकाश व काळ या दोहोंस मिळून असते. ताणलेल्या रबरी चादरीवर ठेवलेल्या गोळ्याचें प्रसिद्ध उदाहरण येथेंच अपुरें पडतें. त्यांत काळ नाहीं, आणि चादर वांकते तीही गुरुत्वामुळेंच! काळाची वक्रता मात्र घड्याळांत दिसते. स्थाननिश्चितीच्या उपग्रहांवरील घड्याळें भूमीवरील घड्याळांपेक्षां दिवसास सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातात. उंचीमुळें ४५ पुढें, गतीमुळें ७ मागें, असा तो हिशेब आहे. ही दुरुस्ती न केल्यास एका दिवसांत कित्येक किलोमीटरांची चूक सांचेल.

अवकाशाच्या वक्रतेची साक्ष १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणांत मिळाली. सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला वळावा, असें आइन्स्टाइनचें गणित होतें. निरीक्षणें त्याच्या बाजूनें पडलीं. पुढें १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनानें उठलेला अवकाश-कालाचा तरंग अमेरिकेंतील लायगो यंत्रांनीं टिपला. चार किलोमीटरांच्या भुजेंत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता. तसेंच यंत्र हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. लॅम्बटनच्या मोजणींत भूमीची वक्रता विकलांत उतरली. त्याच्या कबरीपासून फार दूर नसलेल्या या माळावर आतां अवकाशाचेंच मोजमाप व्हावयाचें आहे.