चिमुकल्या हातांना माती द्या



गळीत हंगामात रेणापूर भागात तोडणीच्या टोळ्यांबरोबर लहान पोरंही येतात. आईबाप फडात, पोरं बांधावर. या पोरांसाठी आम्ही आपल्याकडे पैसा मागत नाही, आठवड्यातला एक तास मागतो.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे बालवाडी काढली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पाने, बिया, शिंपले, माती हेच तिथले साहित्य.

आपल्याकडे काय कमी आहे? काळी माती, गेरू, चिंचोके, ज्वारीची धाटं. घरच्या शिकलेल्या लेकी-सुनांनी, रिकाम्या आजोबांनीही अंगणवाडीत किंवा टोळीच्या कोपीवर जावे. मातीचे बैल, धाटांची गाडी करू द्यावी. माती मळून बोटांत बळ येते, पुढे पेन्सिल नीट धरता येते. आपण करून देऊ नये; बैल हिरवा रंगवला तरी हसू नये. चिंचोके नाका-कानात जाणार नाहीत, एवढे मात्र पाहावे.

ज्यांना जमेल त्यांनी गावच्या अंगणवाडी सेविकेस किंवा टोळीच्या मुकादमास भेटावे.