जिल्हा शिक्षण नियोजन : संपादणूक आणि विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य

भारतात शालेय शिक्षणाचे धोरण दिल्लीत आणि राज्यांच्या राजधान्यांत आखले जाते. ते वर्गापर्यंत पोहोचते की नाही, हे मात्र जिल्ह्यात ठरते. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ही बाब ओळखून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची (डाएट) कल्पना मांडली. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने (डीपीईपी) जिल्हा हेच नियोजनाचे एकक मानले. ७ राज्यांतील ४२ जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ झाला. ज्या जिल्ह्यांतील स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा, म्हणजे १९९१ च्या जनगणनेनुसार ३९.२९ टक्क्यांपेक्षा कमी होती, त्यांना निवडीत प्राधान्य मिळाले. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद व परभणी हे पाच जिल्हे होते.

या कार्यक्रमाचे एक उद्दिष्ट आज विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गळती १० टक्क्यांच्या आत आणण्याबरोबरच विद्यार्थ्यांची सरासरी संपादणूक आधारभूत पातळीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी उंचावण्याचे लक्ष्य त्यात लिहून ठेवले होते. पुढे सर्व शिक्षा अभियान आले, १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना सुरू झाली. या सर्व काळात जिल्ह्याची वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक तयार होत राहिले. परंतु त्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पदे आणि प्रशिक्षणाचे दिवस यांची मागणी ठळक होत गेली. खोल्या मोजता येतात आणि त्यांचे उपयोगिता प्रमाणपत्रही देता येते. मूल वाचू लागले का, हे मोजणे अवघड म्हणून ते मागे पडले.

मोजमापाचे साधन

ही उणीव राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाने काही अंशी भरून काढली. नोव्हेंबर २०१७ च्या सर्वेक्षणापासून जिल्हानिहाय निष्कर्ष उपलब्ध होऊ लागले. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात ७८१ जिल्ह्यांतील २१ लाखांहून अधिक विद्यार्थी सहभागी झाले. गणितातील राष्ट्रीय सरासरी तिसरीत ६०, सहावीत ४६ आणि नववीत ३७ टक्के आढळली. या तीन इयत्तांच्या प्रश्नपत्रिका व मुले वेगवेगळी असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तरीही घसरणीची दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही. परीक्षार्थींनी या सर्वेक्षणाची ‘असर’ अहवालाशी गल्लत करू नये. २००५ पासून निघणारा ‘असर’ हा ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या पुढाकाराने होणारा, ग्रामीण भागापुरता आणि घरोघरी जाऊन केला जाणारा अभ्यास आहे. २०२४ मध्ये त्यात पाचवीतील ४८.८ टक्के मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. हे प्रमाण २०२२ मध्ये ४२.८ टक्के होते.

पातळीनुसार अध्यापन

पाचवीतील निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत नसतील, तर त्यांच्यासमोर पाचवीचे पुस्तक उघडून काय साधणार? हरियाणातील कुरुक्षेत्र व महेंद्रगड या जिल्ह्यांत २०१२-१३ मध्ये झालेला प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. शाळेच्या वेळापत्रकातील एक तास राखून ठेवण्यात आला. त्या वेळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे, तर वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करण्यात आले. शिकवणारे शिक्षक शासकीयच होते. देखरेख करणाऱ्या गट समन्वयकांनी आधी स्वतः वर्गात शिकवून ही पद्धत आत्मसात केली होती. हिंदी वाचनात सुधारणा दिसून आली; गणितात मात्र ती दिसली नाही. त्याच जिल्ह्यांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही चाचणी घेण्यात आली. त्याचा संपादणुकीवर उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. शिक्षकांनी नोंदी केल्या, पण त्या नोंदींवरून अध्यापन बदलले नाही, तर असेच घडणार. बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळी शिबिरांत शासकीय शिक्षकांनी हीच पद्धत वापरली तेव्हा मुले प्रगती करताना दिसली. शालेय वर्षात, राखीव वेळेविना केवळ प्रशिक्षण दिले तेव्हा परिणाम जाणवला नाही.

यावरून जिल्ह्याच्या रणनीतीचा गाभा स्पष्ट होतो. महाराष्ट्रात केंद्रप्रमुख, अन्यत्र संकुल समन्वयक म्हणून ओळखला जाणारा मधला अधिकारी वर्गात बसतो की माहितीचे तक्ते गोळा करतो, यावर बरेच अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी त्याचा वेळ तक्त्यांतच जातो.

स्वास्थ्य वेगळ्या खात्यात

संपादणुकीचा विचार मुलाच्या प्रकृतीपासून तोडता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली रक्तक्षयग्रस्त होत्या. एनसीईआरटीच्या २०२२ च्या पाहणीत सहावी ते बारावीच्या सुमारे ३.८ लाख विद्यार्थ्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. उपाययोजनांची वाण नाही. माध्यान्ह भोजनाचा कार्यक्रम १९९५ पासून आहे (२०२१ पासून ‘पीएम पोषण’, प्राथमिक स्तरावर ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने). राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्यात फिरत्या पथकांकडून शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी अपेक्षित आहे. फेब्रुवारी २०२० पासून आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

अडचण समन्वयाची आहे. भोजन शिक्षण विभागाकडे, तपासणी व लोहाच्या गोळ्या आरोग्य विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे. फळ्यावरचे अक्षर न दिसणारे मूल आरोग्य पथकाच्या नोंदवहीत ‘दृष्टिदोष’ म्हणून आणि शिक्षकाच्या नोंदवहीत ‘अप्रगत’ म्हणून नोंदले जाते. या दोन नोंदी एकत्र वाचण्याचा अधिकार असणारी पहिली व्यक्ती बहुधा जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी हीच असते.

जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमाने नेमके हेच सूत्र धरले. त्यातील ११२ जिल्ह्यांच्या ४९ निर्देशकांत आरोग्य-पोषणाला ३० टक्के आणि शिक्षणाला ३० टक्के भार आहे. तिसरी, पाचवी व आठवीची संपादणूक, मुलींची स्वच्छतागृहे, सत्रारंभानंतर महिन्याच्या आत पाठ्यपुस्तके अशा बाबी त्यात मोजल्या जातात. मुलांच्या मानसिक स्वास्थ्याचा निर्देशक मात्र नाही. महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत (नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, उस्मानाबाद) उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, नाव आहे. १९९४ च्या यादीतही ते होते.

जुलै २०२१ मधील ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचन व अंकज्ञान यावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत ठरवली. त्या वर्षी तिसरीत बसणारी मुले २०२४-२५ मध्ये पहिलीत दाखल झाली आहेत.