ओढून दूर लोटणारा चंद्र

शनीच्या 'ए' कड्याच्या बाहेरच्या काठाजवळ एक फट आहे, कीलर फट. रुंदी सुमारे ४२ किलोमीटर. तिच्यातून जेमतेम ८ किलोमीटरचा डॅफ्निस हा चंद्र फिरतो. फट साफ ठेवण्याचं काम त्याचंच.

पण गुरुत्वाकर्षण तर ओढतं. मग चंद्राजवळचे बर्फाचे खडे त्याच्यावर जाऊन आदळायचे सोडून लांब का पळतात?

आतल्या कक्षेतला खडा चंद्रापेक्षा वेगवान असतो. तो मागून येतो, चंद्राला गाठतो आणि पुढे निघतो. येता येता तो चंद्राकडे किंचित झुकलेला असतो, त्यामुळे पुढे जाताना दोघांतलं अंतर कमी होतं आणि मागे खेचणारी ओढ भारी पडते. खड्याचा कोनीय संवेग घटतो नि तो शनीकडे सरकतो. बाहेरच्या खड्याचं नेमकं उलट: चंद्र त्याला मागे टाकतो आणि जाताना पुढे ओढतो, म्हणून खडा आणखी बाहेर जातो. मग खडे एकमेकांवर आपटतात आणि झालेला बदल पक्का होतो. ओढणाराच दूर लोटतो! गणित पटलं तरी मन पटकन मानत नाही.

डॅफ्निसची कक्षा कड्याच्या पातळीला थोडी तिरपी आहे. त्यामुळे काठावरचे खडे वरखालीही हेलकावतात. २००९ मध्ये शनीवर विषुव होतं, सूर्यकिरण कड्यांवर अगदी आडवे पडत होते. तेव्हा कॅसिनी यानाला काठावरच्या लाटांच्या लांबलचक सावल्या दिसल्या. सावल्यांवरून उंची निघाली: दीड किलोमीटरपर्यंत. एरवी हे कडं तीनमजली इमारतीएवढंच जाड!

लाटा चंद्राची चुगलीही करतात. याच कड्यातल्या एंकी या दुसऱ्या फटीच्या काठावरच्या लाटांवरून तिथे चंद्र असणार, हे आधीच ताडलं होतं. १९९० मध्ये मार्क शोवॉल्टर यांनी व्हॉयेजर यानाची नऊ वर्षं जुनी छायाचित्रं चाळली आणि तो चंद्र, पॅन, सापडला.

याहून लहान, काहीशे मीटरच्या गोळ्यांना अख्खी फट कोरता येत नाही. शेजारचे खडे लगेच जागा भरून काढतात. गोळ्याच्या पुढेमागे उरतात ते विमानाच्या पंख्याच्या पात्यांसारखे दोन ओरखडे. अशा मोठ्या ओरखड्यांना शास्त्रज्ञांनी वैमानिकांची नावं दिली. त्यातल्या 'ब्लेरिओ'चा माग कॅसिनीने वर्षानुवर्षं ठेवला, तर त्याची कक्षाच थोडी थोडी बदलताना दिसली. म्हणजे कडंही आपल्यातल्या गोळ्याला ढकलत असावं.