भिंतीवरील डाग आणि घरातील हवा

जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या हिरवट व तांबूस डागांविषयी नियम सांगितले आहेत. याजकाने प्रथम घर रिकामे करवून डाग पाहावा, सात दिवसांनी पुन्हा पाहावा, आणि तो पसरला असेल तर दूषित दगड काढवून भिंत खरवडावयास लावावी, असा तो क्रम आहे. आधी पारख, मग उपाय! डाग दिसताच रंगाचा डबा किंवा पंखा विकत आणणाऱ्यांनी हे शहाणपण ध्यानात ठेवावे.

सुरतेचे उदाहरण घेऊ. खानदेशातून कित्येक मराठी कुटुंबे कापडधंद्यात पोट भरण्यासाठी सुरतेस गेली व उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झाली. एक खोली, एक दार आणि तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, असे तेथील पुष्कळ घरांचे रूप असते. समुद्र जवळ आणि पावसाळा जोराचा. ऑगस्ट 2006 मध्ये तर तापीच्या महापुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. पूर ओसरला तरी विटांत मुरलेले पाणी लवकर सुकत नाही. आपल्या गावांतही आता कौलांच्या जागी स्लॅब आले आहेत. कौलांच्या फटींतून जी वाफ आपोआप निघून जात असे, ती आता घरातच कोंडून राहते.

घरात ओल दोन वाटांनी येते: भिंतीतून किंवा हवेतून. ही पारख सोपी आहे. वीतभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीस घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस पाणी साचले, तर भिंत पाझरते आहे. तेथे गवंडी हवा, पंखा नव्हे. बाहेरच्या बाजूस दव आले, तर दोष खोलीतील हवेचा आहे.

हवेत एवढे पाणी येते कोठून? आपल्या श्वासांतून, उकळत्या भातातून, घरात वाळत घातलेल्या कपड्यांतून, आणि चुलीच्या ज्योतीतूनही! एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे 14.2 किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरांहून अधिक पाणी घरच्या हवेत मिसळते. हीच वाफ थंड भिंतीस लागली की तिचे थेंब होतात आणि त्यांवर बुरशी वाढते. अशा ओलसर घरांत खोकला व दमा बळावतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये दिला आहे. त्याचा त्रास लहान मुले व वृद्ध यांनाच अधिक.

म्हणून वाफ जेथे जन्मते तेथूनच ती बाहेर घालवावी, हे पहिले सूत्र. स्वयंपाकघरात छताजवळ एक्झॉस्ट पंखा बसवावा. त्याचे तोंड जिन्यात किंवा बोळात नव्हे, तर मोकळ्या हवेत असावे. आठ फूट लांब, आठ फूट रुंद व दहा फूट उंच स्वयंपाकघरात 640 घनफूट हवा असते. मिनिटास 160 घनफूट हवा फेकणारा पंखा ती तासात पंधरा वेळा बदलतो. मात्र आत हवा येण्यास दाराखाली फट किंवा समोर झरोका हवाच. एरवी पंखा नुसताच घरघरतो.

दुसरे सूत्र समोरासमोरच्या वाटांचे. उष्ण व दमट प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या एक षष्ठांश तरी असावे, असा राष्ट्रीय इमारत संहितेचा दंडक आहे. दहा बाय बाराच्या खोलीस म्हणजे वीस चौरस फूट. एवढी जागा नसेल, तर दारासमोर उंचावर जाळीचा झरोका तरी काढावा.

थंड देशांत जाणारी हवा येणाऱ्या हवेस ऊब देऊन जाते, अशी यंत्रे बसवितात. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते. ती यंत्रे ही ओल काढून टाकू शकत नाहीत, मग त्यांवर पैसा का घालावा? वातानुकूलन चालू असता मात्र खिडक्या बंदच ठेवाव्यात, अन्यथा बाहेरची दमट हवा गार भिंतींवर पाणी धरते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावीत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर कधीही लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो, आणि त्याने माणसे जागच्या जागी दगावली आहेत. गीझर घराबाहेर, मोकळ्या हवेतच असावा.

भाड्याच्या घरात झरोका पाडण्यास मालकाची संमती लागते. ती मागण्यात संकोच कसला? आणि आपणच कोणाचे घरमालक असू, तर भाडेकरूने मागण्यापूर्वीच झरोका काढून द्यावा. भाडे घेऊन छप्पर देतो, तेव्हा त्याखालच्या लेकरांच्या श्वासाची जबाबदारीही आपण घेतलेली असते.