चिखलात अडकलेली स्कूल बस

नॅव्हाहो राष्ट्र हा अमेरिकेतला सर्वांत मोठा आदिवासी प्रदेश. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे 70 हजार चौरस किलोमीटर पसरलेला. इथले बहुतेक रस्ते अजून कच्चे आहेत. पाऊस झाला किंवा बर्फ वितळलं की चिकणमातीचा राडा होतो, चाकांना थर चढतो आणि स्कूल बस जागच्या जागी फिरत राहते. त्या दिवशी मुलांची शाळा बुडते.

असे रस्ते करायचे कुणी? राज्यांची यंत्रणा आपल्या महामार्गांत गुंतलेली आणि मोठा पूल किंवा लांब रस्ता म्हटला की नेहमीचा वार्षिक निधी तोकडा पडतो. म्हणून 2015च्या वाहतूक कायद्यात सार्वजनिक आणि आदिवासी जमिनींवरच्या मोठ्या प्रकल्पांसाठी वेगळी योजना आली. तेव्हा प्रकल्प किमान अडीच कोटी डॉलरचा असावा लागे आणि दहा टक्के वाटा स्थानिकांनी उचलायचा असे. गरीब जमातींना हे कुठून परवडणार? 2021च्या कायद्याने किमान मर्यादा निम्मी केली, आदिवासी प्रकल्पांचा पूर्ण खर्च केंद्राने द्यायचं ठरवलं आणि निम्मा निधी त्यांच्यासाठी राखला. बदल मोलाचा आहे; रक्कम मात्र अपुरीच वाटते. महामार्ग निधीतून वर्षाला साडेपाच कोटी डॉलर. त्यातला निम्मा, म्हणजे पावणेतीन कोटी. सव्वा कोटीचे दोन प्रकल्प झाले की देशभरातल्या साऱ्या जमातींसाठी उरतात पंचवीस लाख.