उसनवारी आणि मुदत

मंडळी, हातउसने दिलेले पैसे परत मागितले, की समोरचा म्हणतो, "सुगीला देतो." आपणही भिडेपोटी गप्प बसतो. कायदा मात्र भीड जाणत नाही. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, परतीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. तोंडी वायद्यांनी ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे कबूल असल्याचे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. दावा देणेकरी राहतो तेथील दिवाणी न्यायालयात करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही. तेव्हा पेटीतली चिठ्ठी आजच काढा. वाचता येत नसेल, तर गुरुजींकडून तारीख वाचून घ्या!